चार ते पाचचा व्यायाम

बाबा, आज मी एका माणसाला ट्रायलमधून बाहेर काढलं. काढलं म्हणजे मी फक्त अहवाल लिहिला. निर्णय डॉक्टरांचा होता आणि तो नियमाप्रमाणेच झाला. पण अहवाल लिहिताना निर्णय काय होणार हे मला माहीत होतं, म्हणून मीच काढलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. तुम्हांला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी तुम्हांला कधी काही लिहिलं नाही, तुम्ही असतानाही नाही. आज सेशनच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहितेय, कारण घरी जायच्या आधी बसायला ही एकच जागा आहे आणि घरी आई आहे.

मी काय काम करते हे तुम्हांला सांगायला हवं. लकवा मारलेल्या माणसांच्या हातांवर काम करते. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, हे तुमच्या वेळीही माहीत होतं. पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो, आणि शिकण्यासाठी त्याला तोच प्रयत्न शेकडो वेळा करावा लागतो. आमचं यंत्र त्या शिकण्याला मदत करतं का, हे आम्ही तपासतोय. कानाच्या पाळीच्या वर एक चिमटा लावतात. तिथून मेंदूकडे जाणारी एक नस असते. माणूस हात उचलायचा प्रयत्न करतो त्याच क्षणी त्या नसेला अगदी हलका विजेचा झटका देतात, मुंगी चालल्यासारखा. कल्पना अशी की त्यामुळे मेंदू तो क्षण लक्षात ठेवण्यासारखा मानतो. निम्म्या लोकांना खरे झटके मिळतात, निम्म्यांना नावापुरते, आणि कुणाला कुठले ते मलाही कळत नाही. दंडावर बांधायचा पट्टा आणि त्यातून येणारे आलेख, एवढं माझं काम. पट्टा दोन गोष्टी टिपतो: स्नायूनं दिलेला बारीक इशारा आणि हाताची प्रत्यक्ष हालचाल. आधी इशारा, मग हालचाल. तुमच्या लेथवर टूल फिरत्या लोखंडाला टेकलं की, कापायच्या आधीच आवाज बदलायचा ना, काहीसं तसं.

हा माणूस निवृत्त बस कंडक्टर. नामपल्लीच्या मागच्या गल्लीत राहतो, डावा हात गेलाय, जीभ मात्र शाबूत आहे. पहिल्या दिवशी कानाला चिमटा लावताना मला म्हणाला, "मेरे कान कू करंट देको हाथ सुधारते तुम लोगां? हमारे उस्ताद बी येईच करते थे. कान मरोडते थे, अक्षर सुधरता था." मी हसले नाही, आणि त्याला ते जास्त आवडलं असावं, कारण त्यानंतर रोज माझ्यासाठी एक विनोद ठरलेला असायचा. बरोबर त्याची मुलगी यायची. पंचवीस-सव्वीसची असेल. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये दिवसभर फोन उचलते, तिथून धावत येते, बुरखा काढून दुपट्टा नीट करते आणि बापाशेजारी बसते. नियमाप्रमाणे नातेवाइकांनी काचेच्या बाहेर बसायचं. पण ती बाहेर असली की तो सारखा काचेकडे बघायचा, म्हणून तिला आत बसू दिलं. ही परवानगी मी दिली होती. अहवालात मी ते लिहिलंय. पहिल्या मसुद्यात नव्हतं.

ती प्रश्न विचारायची. "मॅडम, वो स्टेम सेल बोलते ना, वो लेले तो जल्दी होता क्या?" मी म्हणाले, अजून पक्कं काही नाही. "और वो सिर पे चुंबक फिराते, वो?" मी म्हणाले, त्यावरही काम चालू आहे, काहींना थोडा फायदा दिसतो. "तुम हर बात पे थोडाच बोलते, मॅडम," ती म्हणाली. बाप म्हणाला, "पढी लिखी है, पोट्टी. पूरा बोलने वाले कू नौकरी से निकालते." असं ते चालायचं, आणि समोर टेबलावर प्लास्टिकचा ग्लास असायचा. त्यानं हात पुढे न्यायचा, ग्लास पकडायचा, सोडायचा. सुरुवातीला दहातला एक जमायचा. मग अचानक सहा-सात जमायला लागले.

आलेख मी आठवड्यानं उघडते. तसे उघडले, तर त्याच्या हाताची हालचाल इशाऱ्याशिवाय सुरू होत होती. आधी कोपर वर जायचं, मग कधीतरी मागून स्नायू जागा व्हायचा, पुष्कळदा व्हायचाच नाही. मला वाटलं पट्टा सैल झाला. पट्टा बदलला, तारा तपासल्या. मग दुसऱ्या दिवशी आलेख बघायचं सोडून त्यांच्याकडे बघितलं. तिचा दुपट्टा त्याच्या कोपरावरून पडलेला होता आणि दुपट्ट्याखाली तिचा तळवा होता. म्हणजे त्याला जर खरे झटके मिळत असतील, तर सात सेशन आम्ही त्याच्या मेंदूला त्याच्या मुलीची हालचाल लक्षात ठेवायला सांगत होतो.

चारपेक्षा जास्त सेशन बाद झाली की माणूस ट्रायलमध्ये राहत नाही.

तुमच्याबद्दल लिहायचं तर आपल्या नारायणगुड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल, कारण तिथेच ते टेबल होतं. प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड, एका कोपऱ्याला कुकरनं भाजलेलं. मी चौदा वर्षांची, नववीत. लकव्यानं तुमचा उजवा हात गेला होता आणि भाषा गेली होती. भाषेतला एकच शब्द उरला होता: हौ. आईला वाईट वाटायचं की मराठी सगळी गेली आणि वर्कशॉपमधल्या दखनीतला हा एक होकार राहिला. ती तुमच्याशी मुद्दाम शुद्ध बोलायची, जणू तुम्ही ते ऐकून परत शिकाल. "चहा घेणार का?" हौ. "की नको?" हौ. "मी माहेरी निघून जाऊ का आता?" हौ. मग ती हसायची आणि तुम्हीही अर्ध्या चेहऱ्यानं हसायचात. डाव्या हातानं तुम्हांला जेवू द्यायची नाही, ते तिला बघवायचं नाही. स्वतः भरवायची. म्हणायची, "मी आहे ना, कशाला त्रास?" आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन की हे चूक होतं, माणसाला त्रास होऊ द्यायला हवा. तिला मी ते कधी सांगितलेलं नाही.

दर शनिवारी स्कूटरवरून फिजिओथेरपिस्ट यायचे. तेलुगू होते, आपल्याशी दखनीत बोलायचे. त्यांनी शंभर पानी वही आणली, पट्टी घेऊन रकाने आखले. टेबलावर घडी घातलेला टॉवेल पुढे ढकलणे, तीस वेळा. शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, तीस वेळा. चेंडू दाबणे, तीस वेळा. मनगट उलटं-सुलटं करणे, तीस वेळा. रोज. आई तिच्या शाळेतून शिकवून साडेपाचला यायची, मी साडेतीनला, म्हणून वेळ ठरली चार ते पाच, आणि काम ठरलं माझं. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण करायची. मला असं काम आवडतं, हे त्यांनी ओळखलं असावं.

पहिले पंधरा दिवस आपण खरं केलं. टॉवेलचं तुम्हांला चार-पाच वेळा जमायचं, खांद्यानं ओढून. शेंगदाणा कधीच उचलला गेला नाही. तुमची बोटं त्याच्याभोवती यायची आणि तो पळायचा. तुमच्या कपाळावर घाम यायचा, मी मोजत असायचे, पाच, सहा, आणि सहावा खरा नव्हता. वीस मिनिटांनी तुम्ही डोळे मिटायचात. मग एकदा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मी वही उघडली आणि चारही रकान्यांत खुणा केल्या. तुम्ही बघत होतात. मी विचारलं, "आज राहू दे का, बाबा?" तुम्ही म्हणालात, हौ. दुसऱ्या दिवशी पेपर झालेला होता. तरीही विचारलं.

तुम्ही दमला होतात हे खरं आहे. मीही दमले होते. पण मला हेही माहीत होतं की तुम्ही दुसरं काही म्हणूच शकत नाही.

त्याच्या तीनच वर्षं आधीचा एक रविवार आहे. तुम्ही मला बालानगरच्या वर्कशॉपमध्ये नेलंय. लेथ बंद आहेत, जमिनीवर दुधासारखं पांढरं कूलंट सांडलंय, तुम्ही त्यावर भुसा टाकता. मला उंच स्टुलावर बसवून दहा बुश, बोटभर जाडीच्या पितळी नळ्या देता, मापायला व्हर्नियर देता, कागद देता. मोजून लिही. मी तीन मोजते. तिन्ही सारखेच येतात. बाकीच्या सात ओळींत तोच आकडा लिहून टाकते आणि कागद तुम्हांला देते. तुम्ही एकेक बुश उचलून मोजता. आठवा कमी भरतो. तुम्ही तो माझ्यासमोर ठेवता आणि आवाज न चढवता म्हणता, "न मोजता आकडा लिहायचा नाही. माहीत नसेल तर जागा मोकळी सोड." मला रडू येत नाही, पण कान गरम होतात. संध्याकाळी बसमधून येताना तुम्ही तो व्हर्नियर माझ्या मांडीवर ठेवता. जुना होता, वर्कशॉपनं नवा घेतला होता. मला वाटलं धरायला दिलाय. घरी आल्यावर परत द्यायला लागले तर म्हणालात, "तुझाच आहे." तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शून्याला थोडा चुकतो, तेवढं वजा करून वाचते.

तर हा अहवाल. सात सेशन बाद. एक रस्ता होता. बाद होण्याच्या कारणांत 'यंत्रातला दोष' असा एक रकाना आहे, आणि त्यातली सेशन त्या चारात धरत नाहीत. पट्टा मी खरंच बदलला होता, नोंदवहीत तशी नोंद होती. सातातली तीन तिकडे टाकली असती तर चार उरली असती, आणि कंडक्टर राहिला असता. कुणी विचारलं नसतं. पट्ट्याबद्दल विचारायचं झालं तर मलाच विचारतात. मी एक पूर्ण दुपार त्या फॉर्मसमोर बसले. मला त्या माणसाची दया येत होती की नाही ते सांगता येत नाही. त्याचा रोजचा विनोद ऐकायची सवय झाली होती, एवढं सांगता येईल.

मुलीला मी कॉरिडॉरमध्ये बोलावलं. तिनं नाकारलं नाही.

"थोडा सहारा दी मैं, खाली थोडा."

"किती थोडा?"

"उंगली इत्ता." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "हथेली इत्ता. उनो खुश होते थे मॅडम. ग्लास पकड लिया बोलके मेरी फूफी कू फोन करते थे, रोज. मैं हाथ निकाल लेती तो क्या बोलती मैं उनकू?"

मी तिला सांगितलं की हात दुसऱ्यानं उचलला तर मेंदू काही शिकत नाही. न जमलेला प्रयत्न चालतो, तो उपयोगी असतो. उसना चालत नाही.

"लिखो नक्को मॅडम. आज से मैं बाहर बैठती. नीचे गेट पे बैठती बोले तो गेट पे बैठती."

मी म्हणाले, लिहावं लागेल.

"तुमकू क्या मालूम," ती म्हणाली. भांडून नाही, अगदी हळू. "तुम्हारे घर में हुआ रहता तो समझते."

तुमच्याबद्दल मी तिला सांगितलं नाही. घरातलं मी कामावर सांगत नाही. पण खरं कारण ते नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट शेवटचे आले त्या शनिवारी दुपारी आई घरी होती. त्यांनी वही सुरुवातीपासून उलटली. एकही रकाना रिकामा नव्हता. इतका व्यायाम कुणाच्याच घरी होत नसेल. त्यांनी तुमचा हात उचलून सोडला, तो पडला. "रोज होता ना, अंकल? पूरा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हौ," म्हणालात. मी ओट्याला टेकून उभी होते. दारात चपला घालताना ते आईला म्हणाले, "आंटी, इत्ती मेहनत करको बी हाथ में कुछ नै आ रा बोले तो, जित्ता आना था आ गया. अब मैं आके क्या करूं." आई म्हणाली, "माझ्या पोरीनं काही बाकी ठेवलं नाही." त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली. हे वाक्य ती आजही म्हणते. परवाही शेजारच्या बाईंना म्हणाली, मी आत डबा भरत होते. तुमचा लकव्याचा दुसरा झटका, हॉस्पिटलचा तो आठवडा, सगळं सांगून झालं की शेवटी हे येतं. मी डबा बंद करून निघाले.

खुणा केल्या नसत्या तर त्यांना कळलं असतं की व्यायाम होत नाहीये, आणि ते येत राहिले असते. कदाचित रागावले असते, वेळ बदलली असती, आईला सांगितलं असतं. त्यानं तुमचा हात किती परत आला असता? त्या पहिल्या महिन्यांतच मेंदू जास्त शिकतो, हे आता मला माहीत आहे. पण तुमचा हात किती, हे माहीत नाही. तिथे मी काही लिहीत नाही, जागा मोकळी ठेवते.

आज दुपारी डॉक्टरांनी कंडक्टरला सांगितलं. तो ऐकून घेऊन माझ्या खोलीत आला, एकटाच, काठी टेकत. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मेरेकू मालूम था मॅडम." मी विचारलं, काय? "बिना टिकट बैठी है बोलके. चालीस साल येईच काम किया मैं. पीछे की सीट पे कौन मुंह छुपा रा, आगे से समझता मेरेकू. अपनी बेटी का हाथ नै समझता?"

"मग बोलला का नाहीत?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"दिन भर फोन उठाती, शाम कू आको मेरा हाथ उठाती. उसकू बी लगना ना, कुछ हो रा बोलके." मग चांगल्या हातानं त्यानं तो दुसरा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, पिशवी ठेवावी तसा. "तुम लिखे, ठीक किये. चेकिंग आयी तो कंडक्टर कू बी उतरना पडता."

तो हसला. मीही हसले, पहिल्यांदाच, आणि ते मला नको होतं.

त्याची मुलगी आली तेव्हा मी दोघांना बसवून घरी काय करायचं ते दाखवलं. ग्लास, टॉवेल, शेंगदाणे. यंत्र नसलं तरी प्रयत्न करता येतात, आणि यंत्रातही निम्म्याहून जास्त काम त्या प्रयत्नांचंच असावं असं मला वाटतं. हे मोजलेलं नाही, फक्त वाटतं. मुलीला म्हणाले, तू समोर बसायचं, दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून. बाप म्हणाला, "बांध देतूं मैं." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग मी एक कोरी वही काढली आणि पट्टीनं रकाने आखायला लागले. दोन ओळी आखल्या आणि थांबले. रकाने तसेच ठेवले, पण तिला सांगितलं की बरोबरची खूण करायची नाही. किती वेळा प्रयत्न केला आणि किती वेळा नाही जमलं, दोन्ही आकड्यांत लिहायचं. ज्या दिवशी केलंच नाही त्या दिवशी पान कोरं सोडायचं. ती म्हणाली, "कोरा पन्ना देखको तुम गुस्सा होते ना फिर?" मी म्हणाले, नाही. महिन्यानं वही घेऊन या. ती आणेल की नाही ते माहीत नाही. माझ्यावर तिचा राग आहे आणि तो वाजवी आहे.

आता सहा वाजून गेलेत. खाली पार्किंगमध्ये गाड्या काढताना शिट्ट्या ऐकू येताहेत. आईचा फोन येऊन गेला, येताना कोथिंबीर आण म्हणाली. आपली ती खुणांची वही माझ्याकडे आहे. घर बदलताना हरवली असं मी तिला सांगितलं होतं. हे कागद मी त्या वहीत ठेवीन, तुम्हांला पोचवायची दुसरी काही सोय नाही आणि आईच्या हाती लागू द्यायचे नाहीत. कंडक्टरचं ऐकल्यापासून एक विचार डोक्यात येतोय, की तुम्हीही जाणूनच हौ म्हणाला असाल, मला सोडवायला. पण तो विचार माझ्या सोयीचा आहे, म्हणून मी तो बाजूला ठेवलाय. तुमच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

एक मात्र नक्की माहीत आहे, ते लिहिते. फिजिओथेरपिस्ट यायचे थांबले त्यानंतरच्या सोमवारी मी साडेतीनला घरी आले. तुम्ही टेबलाशी बसला होतात. मी टॉवेल काढून ठेवला, शेंगदाणे डब्यात परत भरले, तुमचा उजवा हात टेबलाच्या कापडावर नीट ठेवला आणि तिथेच शेजारी जमिनीवर आडवी झाले. मला खूप हलकं वाटत होतं. मी चार ते पाच झोपले, कित्येक महिन्यांत आली नव्हती इतकी गाढ झोप. उठले तेव्हा तुम्ही तसेच बसलेले होतात, आणि हात मी ठेवला होता तिथेच होता.